ती ओरडली का नाही?

कुठे एखाद्या बाईवर अत्याचार झाल्याचं कळलं की नळावर, पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "मग ती ओरडली का नाही?" खरं सांगायचं तर आम्हीही तो विचारलेला आहे. आज या प्रश्नाचाच इतिहास ऐकू या.

२६ मार्च १९७२ची रात्र. ठिकाण देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. मोलमजुरी करणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी घरगुती तक्रारीच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यात आली. बरोबरच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातल्याच पोलिसाने आपल्यावर बलात्कार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. तिचं नाव आम्ही इथे घेणार नाही.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७६ साली नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, ही कारणं त्यात होती. म्हणजे नळावरचा आपला प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला होता.

१९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती आणि शरणागती यांतला फरक न्यायालयाला दिसला नाही, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. ते पत्र हातोहात फिरलं. मुंबईत बायकांनी बलात्काराविरुद्ध मंच उभा केला. ८ मार्च १९८०ला शहरोशहरी मोर्चे निघाले.

निकाल बदलला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, हे विसरायचं नाही. पण कायदा बदलला. १९८३पासून, पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने "माझी संमती नव्हती" असं कोर्टात सांगितलं, तर न्यायालय ते खरं धरून चालतं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं. त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं.

कायदा आला, पण चौकीची पायरी एकटीने चढायची कशी? १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. बाईचं ऐकायचं, तक्रार लिहायला मदत करायची, निवाऱ्याची सोय पाहायची, आणि पुढचा निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा, हे तिचं काम. पुढे असे कक्ष राज्यभर झाले. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिला आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही.

मैत्रिणींनो, हे सारं कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं म्हणून झालं. उद्या शेजारची कुणी रात्री तुमचं दार वाजवेल. तिला घरात घ्या, पाणी द्या. १८१ हा क्रमांक सांगा. ती हो म्हणाली तर चौकीपर्यंत सोबत जा. आणि तो प्रश्न? तो मात्र विचारू नका. आम्हीही सोडलाय.