पिरनवाडीचा फाटा

बेळगावाहून दक्षिणेस निघालेली सडक सहा-सात किलोमीटरांवर पिरनवाडीस पोचते आणि तेथे तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा खानापूर, लोंढा करीत अनमोडचा घाट उतरतो व मोले, फोंड्यावरून पणजी गाठतो. दुसरा उजवीकडे वळतो आणि जांबोटी, कणकुंबी ही गावे मागे टाकून चोर्ल्याच्या घाटाने साखळी-डिचोलीच्या खोऱ्यात उतरतो. दोन्ही वाटा अखेर मांडवीच्या काठीच जातात. परंतु दोघींचे भाग्य मात्र सारखे नाही.

घाटमाथा आणि तळकोकण यांची गाठ प्रथम घालून दिली ती मिठाने. देशावरच्या घरात भाकरीला पीठ होते, पण मीठ समुद्राकाठी पिकत होते. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून घाट उतरत आणि मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन वर येत. चाकाची गाडी जेथे टिकत नसे, तेथे बैलाचे खूर टिकत. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद राही; म्हणून मृगापूर्वी मिठाची बेगमी करून ठेवणे हा घरोघरचा रिवाजच होता.

वाट आली की तिच्यावर पहारा आला. महादयीच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा भीमगड हा शिवकाळातील किल्ला याच रानात उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली आणि सत्तरी हे प्रांत पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि घाटाचा पायथा परक्या सत्तेची सरहद्द बनला. सत्तरीच्या राण्यांनी त्या सत्तेविरुद्ध वारंवार शस्त्र उचलले. १८५२ साली दीपाजी राणे आणि १८९५ साली दादा राणे यांची बंडे विशेष गाजली. घाटाखालचे ते दाट रान लष्कराला जितके अवघड, तितकेच बंडवाल्यांना सोयीचे होते.

१८१८ साली बेळगाव इंग्रजांकडे आले. तेथील छावणीला समुद्र हवा होता. परंतु गोवा पोर्तुगिजांचा. वेंगुर्ला मात्र १८१२ पासून इंग्रजांच्या हाती होते. तेव्हा बेळगावचा माल रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्यास जाऊ लागला. त्यानंतर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने चित्र पालटले. मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग आला आणि १८८८ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. रेल्वेने खानापूर-लोंढ्याची बाजू उजळली, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. जांबोटीचा फाटा तेवढा जंगलात निजून राहिला.

पुढे सरहद्दीने रेल्वेलाही अडविले. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले आणि गोळीबारात अनेकांनी प्राण गमावले. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली व रेल्वेची ये-जा थांबली. १९६१ च्या डिसेंबरात सतराव्या पायदळ डिव्हिजनने बेळगावास जमवाजमव केली. तिची एक ब्रिगेड अनमोडच्या बाजूने मोले-फोंड्याकडे निघाली आणि छत्री ब्रिगेड दोडामार्गाहून डिचोलीच्या दिशेने उतरली. १९ डिसेंबर रोजी गोवा मुक्त झाला. ज्या खिंडीतून मीठ येत असे, तिच्यातून मोकळेपणाने माणसे येऊ-जाऊ लागली.

आज गोव्याच्या बाजारातील भाजीचा मोठा भाग बेळगावाकडून जातो, आणि जांबोटीचा निजलेला फाटाही जागा झाला आहे. चोर्ल्याची वाट जवळची म्हणून ट्रक, मोटारी तीच धरतात. परंतु बैलांच्या बेताने आखलेल्या वाटेवर एवढा भार किती काळ टाकावा, हा प्रश्न उरतोच. कुसमळी येथील मलप्रभेवरचा इंग्रजी आमदानीतील पूल २०२४ च्या पावसाळ्यात अवजड वाहनांस बंद करावा लागला व तेथे नवा पूल बांधण्यास घ्यावा लागला.

कणकुंबीस एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वळते आणि शेकडो किलोमीटर वाहून कुडलसंगमास कृष्णेला मिळते. जवळपासचेच दुसरे ओहळ पश्चिमेस उतरून महादयीत जातात. एकाच पावसाचे पाणी दोन समुद्रांच्या वाटेला लागते. त्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांचा तंटा लवादापुढे गेला आणि २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद मिटलेला नाही.

मात्र रस्त्याची खरी पारख व्हावयाची ती दोन टोकांच्या शहरांत नव्हे. आमगाव हे खेडे याच घाटमाथ्यावर, भीमगडच्या रानात आहे. तेथे २०१० साली दहा हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस नोंदला गेला. २०११ पासून हे रान अभयारण्य आहे. वन राखणे अगत्याचे, यात शंका नाही. पण २०२४ च्या पावसाळ्यातही आमगावच्या आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी खांद्यावरून चालत मोटाररस्त्यापर्यंत आणले. पिरनवाडीच्या फाट्यावरून गोव्याची भाजी वेळेवर पोचते. आमगावचा रोगी बेळगावच्या दवाखान्यात वेळेवर पोचेल, तेव्हाच ही वाट पुरी झाली असे म्हणता येईल.