छातीवरचा पट्टा आणि मागे राहिलेली मुलगी

शाळेच्या मैदानावर कोणी किती कष्ट घेतले, याचा निवाडा दीर्घकाळ शिट्टी आणि स्टॉपवॉच यांच्याच भरवशावर होत आला. रेषा आधी गाठणारा मेहनती, मागे रेंगाळणारा आळशी! या समजुतीला धक्का देणाऱ्या साधनाचा जन्म मात्र शाळेत झाला नाही.

तो झाला फिनलंडमधील बर्फावर. स्कीपटूची नाडी मोजायची तर त्याला थांबवून मनगट धरावे लागे, आणि थांबताच नाडी उतरू लागे. औलू विद्यापीठातील सेप्पो सायनायाकांगस यांनी 1977 साली ‘पोलर’ ही कंपनी स्थापन केली. छातीवरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रोडने हृदयाचे विद्युत्-स्पंद टिपायचे आणि ते बिनतारी मार्गाने मनगटावरच्या घड्याळाकडे धाडायचे, अशी तिची युक्ती. 1980 च्या दशकाच्या आरंभी हे यंत्र बाजारात आले.

पुढे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल येथील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक फिल लॉलर यांनी असा पट्टा सहावीतल्या एका मुलीला बांधून तिला धावायला लावले. मुलगी सडपातळ, पण खेळात यथातथाच. जॉन रेटी यांच्या ‘स्पार्क’ (2008) या ग्रंथात हा प्रसंग आहे. धावेतील तिच्या हृदयाची सरासरी गती निघाली मिनिटाला 187. अंतिम रेषेवर 207. एरवी जिला ‘जरा जोर लाव’ म्हणून दटावले असते, ती आपल्या शक्तीच्या जवळजवळ कमाल मर्यादेवर धावत होती. नेपरव्हिलमध्ये पुढे वेगापेक्षा प्रयत्नांना गुण मिळू लागले.

ही कमाल मर्यादा सांगणारे ‘220 वजा वय’ हे सूत्र मात्र फारसे भक्कम नाही. 1971 च्या सुमारास ते रूढ झाले, तेही प्रामुख्याने प्रौढांच्या मापनांवरून. मुलांमध्ये कमाल गती वयाबरोबर तशी सरळ घटत नाही. त्यामुळे सूत्राच्या टक्केवारीवर गुण देणे म्हणजे वाकड्या पट्टीने कापड मापणे होय.

आता छातीवरचा पट्टा जाऊन मनगटावर हिरवा प्रकाश आला आहे. रक्ताच्या लाटेबरोबर त्वचेखालून परतणारा प्रकाश कमीजास्त होतो. त्यावरून नाडी काढतात. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली अशी उपकरणे तपासली, तेव्हा त्वचेच्या वर्णानुसार लक्षणीय फरक आढळला नाही. पण हालचाल सुरू असताना चूक विश्रांतीच्या तुलनेत सरासरी 30 टक्क्यांनी वाढली. खेळाचा तास म्हणजे तर हालचालच!

आपल्याकडे 2018 साली सीबीएसईने नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचे केले. 29 ऑगस्ट 2019 रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. वर्गावर्गात घड्याळे वाटण्याचा मोह आता दूर नाही. पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. अपवाद ठरवण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आहे. नेपरव्हिलच्या त्या मुलीचे 187 आणि 207 हे आकडे तिच्या शिक्षकांनी पाहिले. आजच्या मनगटावरचे आकडे बहुधा आधी कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचतात, शिक्षकांपर्यंत नंतर.