डिस्लेक्सिया : बालवयातील वाचनसाहाय्य

डिस्लेक्सिया ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अध्ययन अक्षमता आहे. बुद्धी, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शिकण्याची संधी मिळूनही मुलाला अचूक, ओघवते वाचन जमत नाही, शुद्धलेखनही अडखळते. ती अनेकदा आनुवंशिक असते. मुलाचा आळस किंवा आईवडिलांचे दुर्लक्ष हे तिचे कारण नव्हे. ही संज्ञा जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरली.

मूळ अडचण : शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे या मुलांना जड जाते. मराठीत बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला असल्याने सुटी अक्षरे कालांतराने ओळखता येतात, पण वाचनाची गती मंद राहते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहितात, उच्चार मात्र नंतर होतो. ‘धर्म’मधील रफार ‘म’च्या डोक्यावर असतो, पण ‘र्’ त्याआधी उच्चारतात. जोडाक्षरांतही असाच गोंधळ उडतो. घ-ध, भ-म यांची अदलाबदल सुरुवातीला बहुतेक मुले करतात. नियमित शिकवूनही ती टिकून राहिली, तर तपासणी करावी.

शिकवण्याची पद्धत : सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत क्रमबद्ध, बहुसंवेदी पद्धतीचा पाया घातला. तिचे तत्त्व मराठीलाही लागू पडते. आधी कानाची तयारी करावी : ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते, असे तोंडी खेळ घ्यावेत. मग थोडी अक्षरे घेऊन लगेच त्यांचे शब्द वाचायला द्यावेत. अक्षर रव्यात किंवा धूळपाटीवर गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करवावा. काना, वेलांटी, उकार, मात्रा एकेक करून आणाव्यात. जोडाक्षरे शेवटी, फोड करून शिकवावीत. पूर्ण बाराखडी पाठ असणे म्हणजे वाचता येणे नव्हे. रोज थोडा वेळ, पण न चुकता सराव हवा.

घरातील साथ : गोष्टी वाचून दाखवत राहावे, म्हणजे वाचन मागे राहिले तरी शब्दसंपत्ती आणि पुस्तकांची ओढ टिकते. तयारीविना वर्गात मोठ्याने वाचायला लावणे किंवा भावंडांशी तुलना करणे कटाक्षाने टाळावे; त्याने मूल वाचनापासूनच दूर पळते.

तपासणी व हक्क : मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणीसामग्री मराठीतही उपलब्ध आहे. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था कार्यरत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. या सवलतींमुळे परीक्षेतला अडसर कमी होतो. वाचायला मात्र शिकवावेच लागते. हे साहाय्य पहिली-दुसरीतच सुरू झाले, तर अभ्यासातील पिछाडी आणि ‘मला येतच नाही’ ही भावना, दोन्ही वाढण्याआधीच रोखता येतात.