व्हिडिओच्या काळातला सहकुटुंब सिनेमा
१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यामागोमाग व्हिडिओ घराघरांत शिरला. विकत घेणे न परवडणारे तो रात्रीपुरता भाड्याने आणत आणि पहाटेपर्यंत लागोपाठ चित्रपट बघत. कॅसेटी बहुधा चोरीच्या असत. नकलेवरून नक्कल काढल्याने चित्र पुसट, आवाज घरघरता. त्यात नायिकेच्या चेहऱ्यावरून जाहिरातींची पट्टी सरकत जाई. तरीही मंडळी घरीच बसत, कारण चित्रपटगृहांची अवस्था खरोखर वाईट होती. मोडक्या खुर्च्या, कोंदट हवा, खिडकीवर ‘हाउसफुल्ल’ची पाटी आणि दारात काळ्याबाजाराची तिकिटे. मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला तो दर झेपत नसे. नटूनथटून आलेली मुले हिरमुसून परतत.

ऑगस्ट १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन..!’ झळकला. ‘राजश्री’ या निर्मितीसंस्थेने तो आधी मोजक्याच चित्रपटगृहांत लावला आणि व्हिडिओ हक्क रोखून धरले. हा निर्णय धाडसाचा होता. मुंबईच्या ‘लिबर्टी’ चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला आणि कुटुंबे परतली. १९९७ साली दिल्लीत साकेतला मल्टिप्लेक्स सुरू झाले. पुढे ते शहरोशहरी पसरले. खुर्च्या सुधारल्या, तिकिटे मात्र महागली.