मधुमेह, जस्त आणि सुईतले क्रोमियम
टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तात जस्त किंवा क्रोमियम कमी निघाले की गोळ्या घेऊन ते भरून काढायचे, हा सल्ला आज सरसकट दिला जातो. खनिज कमी आढळले म्हणजे शरीराला ते कमी पडते आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या गृहीतकाच्या विरोधात जातो. १९३४ साली टोरांटोत डी. ए. स्कॉट यांनी दाखवले की जस्त घातले की इन्सुलिनचे स्फटिक खात्रीने मिळतात. चार वर्षांनी त्यांनी फिशर यांच्यासह मृतांची स्वादुपिंडे तपासली, तेव्हा मधुमेहींच्या ग्रंथीत जस्त इतरांच्या सुमारे निम्मेच भरले. जस्त आटले म्हणून इन्सुलिन आटले, असा अर्थ त्यातून काढणे सोपे होते. मात्र १९६९ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनची रचना उलगडली आणि इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती बांधलेले असतात हे दिसले. साठाच घटला तर त्याला धरून असलेले जस्तही घटणार. शिवाय साखर वाढून लघवी वाढली की तिच्यावाटे जस्त जास्त जाते. म्हणजे ही घट आजाराचे कारण असण्यापेक्षा त्याचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. २०१४ मध्ये तर इन्सुलिनच्या कणिकांत जस्त पोचवणारे जनुक ज्यांच्यात अर्धे निकामी आहे, त्यांना हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी आढळला.

क्रोमियमची कथा याहून बोलकी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत श्वार्त्झ आणि मर्ट्झ यांनी टोरुला यीस्टवर पोसलेल्या उंदरांना साखर नीट पचत नसल्याचे पाहिले. बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट दिल्यावर ते सुधारत, आणि त्याचे श्रेय १९५९ मध्ये त्यांनी क्रोमियमला दिले. मग माणसांच्या रक्तातले क्रोमियम मोजण्याची लाट आली. त्या काळातले कित्येक आकडे आजच्या मान्य पातळीच्या शेकडो पट होते, कारण रक्त काढायची सुई स्टेनलेस स्टीलची आणि त्या पोलादात क्रोमियम भरपूर. नमुन्यात सुईचेच क्रोमियम मिसळत होते. अशा मोजमापांवरून निरोगी आणि मधुमेही यांची तुलना करून काढलेल्या निष्कर्षांना पाया कुठला?

यावर रास्त आक्षेप आहेत. १९७७ मध्ये टोरांटोतल्या एका रुग्ण स्त्रीला क्रोमियम दिल्यावर तिची साखर खरोखर आटोक्यात आली. पण ती तीन वर्षांहून अधिक काळ केवळ शिरेवाटे मिळणाऱ्या अन्नावर जगत होती. चारीठाव जेवणाऱ्या माणसाला तिचा नियम लागू करता येत नाही. १९९७ मध्ये चीनमधल्या १८० मधुमेहींवरच्या प्रयोगातही क्रोमियमने फायदा दिसला, तरी नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत, आणि २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने क्रोमियमची रोजची गरज ठरवण्यालाच आधार नाही असे म्हटले. आपल्याकडे आयुर्वेदातल्या यशदभस्माचा, म्हणजे जस्ताच्या भस्माचा, दाखला देतात. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात जस्त प्रमेहावर, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांवर, सांगितले आहे हे खरे, पण तिथे ते औषध म्हणून सांगितले आहे, शरीरातली उणीव मोजून नव्हे. त्या परंपरेची पारख स्वतंत्रपणे व्हावी, तिला या आकड्यांच्या मदतीला बोलावू नये.

ज्याचे पोषण खरोखर अपुरे आहे किंवा ज्याच्या आतड्याला अन्नातून खनिजे शोषता येत नाहीत, त्याला ती द्यायलाच हवीत. पण 'थोडे जास्त झाले तर काय बिघडते' हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या १,२०२ जणांपैकी काहींना सेलेनियम हे आणखी एक खनिज रोज २०० मायक्रोग्रॅम आणि बाकीच्यांना निष्क्रिय गोळी दिली होती. सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळात सेलेनियम घेणाऱ्यांपैकी ५८ जणांना मधुमेह झाला, तर दुसऱ्या गटात ३९ जणांना. सर्वाधिक धोका आढळला तो रक्तात आधीच भरपूर सेलेनियम असलेल्यांना.