वाय-फाय दोषनिवारण

घरगुती वाय-फाय जोडणी वारंवार तुटणे, तिचा वेग अचानक घटणे किंवा घराच्या ठरावीक भागात ती न मिळणे यांमागील कारण शोधून दूर करण्याच्या प्रक्रियेस वाय-फाय दोषनिवारण म्हणतात. दोष इंटरनेट सेवेत, राउटरमध्ये, रेडिओ लहरींच्या मार्गात किंवा वापरकर्त्याच्या उपकरणात असू शकतो. या सर्वांची लक्षणे सारखीच दिसत असल्याने दोषाचे स्थान निश्चित करणे हा या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

पार्श्वभूमी

वाय-फाय हे आयईईई ८०२.११ या मानकसमूहावर आधारित असून त्याचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती राउटर प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ या वारंवारता पट्ट्यांत चालतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवाना लागत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ साधने व इतर बिनतारी उपकरणे एकाच पट्ट्यात काम करतात.

कारणे

* अडथळे : सळयांचे काँक्रीट, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट व आरसा यांमुळे संकेत क्षीण होतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेग देतात, परंतु भिंतींतून तुलनेने कमी पार होतात.
* वाहिन्यांची गर्दी : २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लगतच्या वाहिन्यांमध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर प्रत्येक वाहिनीस सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणून १, ६ व ११ या वाहिन्याच परस्परांत न मिसळता वापरता येतात. दाट वस्तीच्या इमारतींत ही अडचण तीव्र असते.
* इतर व्यत्यय : मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. ती सुरू असेपर्यंतच जोडणी बिघडत असल्यास कारण सहज ओळखता येते.
* रडार : ५ गिगाहर्ट्झमधील काही वाहिन्यांवर रडारचा संकेत आढळल्यास राउटरला ती वाहिनी सोडावी लागते. त्या वेळी जोडणी काही काळ खंडित होऊ शकते.

निदान

प्रथम संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहतात. तरीही जोडणी तुटत असल्यास दोष राउटरमध्ये किंवा सेवा पुरवठादाराच्या बाजूस असतो. केबलवर जोडणी स्थिर राहिल्यास दोष बिनतारी भागात असतो. अशा वेळी अधिक वेगाची योजना घेऊनही उपयोग होत नाही. वाय-फायवरून राउटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ आज्ञा चालवल्यास विलंब व गहाळ होणारी पाकिटे दिसतात. संकेताची तीव्रता डीबीएममध्ये मोजतात. −५० च्या आसपासचा संकेत उत्तम, तर −८० च्या खालचा दुर्बल समजला जातो. केवळ एकाच उपकरणावर त्रास होत असल्यास त्या उपकरणाचे चालक सॉफ्टवेअर व वीजबचतीची मांडणी तपासतात.

उपाय

राउटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. त्यानंतर कमी गर्दीची वाहिनी निवडणे, फर्मवेअर अद्ययावत करणे आणि स्थिर उपकरणे केबलने जोडणे हे उपाय केले जातात. राउटरची प्रक्षेपणशक्ती वाढवण्याचा लाभ मर्यादित असतो, कारण मोबाइलचा क्षीण संकेतही राउटरपर्यंत पोहोचावा लागतो. मोठ्या घरांत अतिरिक्त प्रवेशबिंदू किंवा मेश प्रणाली वापरतात. एका वेळी एकच बदल करून परिणाम नोंदवल्यास मूळ कारण निश्चितपणे कळते.

हे सुद्धा पहा

* राउटर
* ब्लूटूथ
* रेडिओ लहरी