शिकागोचा शोध आणि हिंगोलीचा रोगी

सन १९४१ हें साल कर्करोगाच्या इतिहासांत दुहेरी महत्त्वाचें ठरलें. फेब्रुवारींत मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. आणि त्याच वर्षीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं दाखवून दिलें कीं, मूत्राशयाच्या तोंडाशीं असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला तरी वृषणांच्या अंतःस्रावावरच पोसला जातो. तो स्राव तोडला, कीं रोग माघार घेतो. वेदनांनीं तळमळणाऱ्या रोग्यांस आराम पडला. हगिन्स यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें शस्त्राचें काम सुई करूं लागली. शस्त्रक्रिया एकदांच होते. सुई महिना-तीन महिन्यांनीं, बहुधा आयुष्यभर. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांतील वृद्ध शेतकऱ्यास हा फरक केवळ वैद्यकाचा नसतो. खर्च, प्रवास, सोबतीच्या मुलाचा बुडालेला दिवस हेंही तराजूंत पडतें. दोन्ही मार्गांत अंगाची आग, थकवा, हाडांचा ठिसूळपणा व दांपत्यसुखाची उणीव येते. आणि कालांतरानें रोग पुन्हां डोकें वर काढतो, तेव्हां दुसरीं औषधें योजावीं लागतात.

म्हणून निवड रोग्याची असावी. परंतु लघवीची अडचण वा कंबरेचें दुखणें वयावर घालून लाजेनें गप्प बसणाऱ्या वडिलांस ती निवड मिळतच नाहीं. त्यांस वेळींच बोलतें करणें, हें घरच्यांचें काम आहे.